समुद्री शैवालाचा अर्क आणि कपाटात पडून राहिलेली गोळी

वाचक लिहितात:

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ५९. पाळी जाऊन १० वर्षं झाली. गेल्या वर्षी चालता चालता पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. मग हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला घनतेचा आकडा, कण्याचा उणे २.८ आणि खुब्याचा उणे २.१ आला. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं. पण त्या गोळीने जबड्याचं हाड सडतं असं वाचलं आणि माझा धीरच झाला नाही. पाकीट तीन महिने कपाटात पडून आहे. मध्यंतरी पुतण्याने समुद्री शैवालाच्या अर्कावरचा एक लेख पाठवला. हा अर्क हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखतो आणि हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देतो, असं त्यात होतं. सोबत दोन बाटल्याही पाठवल्या. एकीवर 'तपकिरी समुद्री शैवाल अर्क, ५०० मि.ग्रॅ.' एवढंच लिहिलंय. दुसरीवर 'लाल शैवालापासूनचं कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम सिट्रेटसह' असं आहे. मी १२ वर्षं थायरॉइडची गोळी घेते. आमच्या ह्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, ते रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेतात आणि त्यांचीही हाडं दुखतात. गोळीऐवजी मी अर्क घेतला तर चालेल का? आणि नैसर्गिक आहे म्हणून ह्यांनाही द्यावा का?

ताई, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुम्हाला लगेच कळायला हवं. तुमच्या यजमानांना तपकिरी शैवालाची ही बाटली अजिबात देऊ नका. तपकिरी शैवालाच्या अर्कातला मुख्य घटक म्हणजे फ्यूकॉयडन. सल्फेट लागलेल्या शर्करांची ही लांबलचक साखळी, आणि तिची ठेवण हेपॅरिनशी मिळतीजुळती आहे. हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून रुग्णालयात टोचतात ते औषध. प्रयोगशाळेत फ्यूकॉयडनही रक्त गोठायला उशीर लावतं. दुसरीकडे शैवालात के जीवनसत्त्वही असतं आणि ते वॉरफरिनच्या नेमकं उलट काम करतं. त्या कॅप्सूलमध्ये या दोहोंपैकी काय किती उतरलंय, हे बाटलीवर लिहिलेलं नाही. कृत्रिम झडप असलेल्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, वर गेला तर रक्तस्रावाची भीती, खाली आला तर झडपेवर गुठळी धरण्याची. एखादी कॅप्सूल दिली गेली असेल तर थांबवा, डॉक्टरांना कळवा आणि आयएनआर तपासून घ्या. आणि त्यांच्या दुखण्याबद्दल म्हणाल तर ठिसूळ झालेली हाडं मोडेपर्यंत सहसा दुखत नाहीत. ड जीवनसत्त्व कमी आहे का, दुखणं सांध्याचं आहे की स्नायूचं, हे वेगळं तपासायला हवं.

आता तुमच्याबद्दल. अर्क गोळीऐवजी चालणार नाही. पण एवढंच सांगून मला थांबायचं नाही, कारण पुतण्याने पाठवलेल्या लेखात खरं बरंच आहे. तुम्ही तो मनापासून वाचलाय, तर त्यातलं खरं कुठे संपतं हेही तुम्हाला नीट कळायला हवं.

हाड ही जिवंत वस्तू आहे. एखाद्या जुन्या भिंतीची डागडुजी करताना आधी पोपडे उकरतात आणि मग नवा गिलावा भरतात, तसं हाडात आयुष्यभर चालू असतं. उकरणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. तिशीपर्यंत भरणं उकरण्याला पुरून उरतं, पुढे हळूहळू पारडं फिरतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि त्याबरोबर उकरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. रँकएल नावाचं एक प्रथिन या पेशींना तयार होण्याचा हुकूम देतं आणि इस्ट्रोजेन कमी झालं की हा हुकूम जास्त जोरात सुटतो. म्हणून पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाड सर्वांत वेगाने झिजतं.

शैवालावर काम करणाऱ्यांचा रोख नेमका इथेच आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत हाडाच्या मगजातल्या किंवा तत्सम पेशी घेतात आणि त्यांना रँकएल देतात. काही दिवसांत त्या एकमेकींत मिसळून मोठाल्या, अनेक केंद्रकांच्या उकरणाऱ्या पेशी बनतात. विशिष्ट रंग टाकला की त्या जांभळट लाल दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. त्याच बशीत फ्यूकॉयडन, किंवा तपकिरी शैवालातलं फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य, किंवा एक्लोनिया जातीच्या शैवालातली फ्लोरोटॅनिनं टाकली, तर अशा उकरणाऱ्या पेशी कमी भरतात. हे एका नव्हे, अनेक प्रयोगशाळांत दिसलंय. जपानमध्ये मासायोशी यामागुची यांच्या गटाने सार्गॅसम हॉर्नेरी या तपकिरी शैवालाच्या अर्कावर बरंच काम केलं. त्यांना उंदरांच्या हाडांत झीज कमी आणि भरण जास्त दिसलं. अंडाशय काढलेल्या उंदरांवर, म्हणजे पाळी गेलेल्या बाईच्या स्थितीची नक्कल करून, इतरांनीही असे प्रयोग केलेत.

आणि हा मार्ग बरोबर आहे याचा पुरावा औषधांच्या जगातही आहे. रँकएललाच जखडून ठेवणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन २०१० पासून वापरात आहे आणि त्याने मणके मोडणं खरोखर कमी होतं. तेव्हा शैवालवाले संशोधक भलत्याच दिशेने चाललेत असं कोणी म्हणू नये. माझ्या मते हे काम चालूच राहायला हवं.

मग अडलं कुठे? बशीतल्या पेशींना फ्यूकॉयडन थेट मिळतं. तुमच्या हाडातल्या पेशींपर्यंत त्याला पोटातून, आतड्यातून आणि रक्तातून वाट काढत जायचंय. हा रेणू इतका मोठा आणि विद्युतभारित असतो की तोंडाने घेतल्यावर त्याचा फारच थोडा भाग रक्तात पोहोचतो. शिवाय फ्यूकॉयडन हे एकच एक रसायन नाही. शैवालाची जात कोणती, ते कोणत्या ऋतूत काढलं, अर्क कसा काढला, यावर त्याच्या साखळीची लांबी आणि सल्फेटचं प्रमाण बदलतं, आणि त्याबरोबर त्याचा गुणही बदलतो. हाराल्ड क्युलिन या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं. इतकी वर्षं उलटली तरी 'फ्यूकॉयडन ५०० मिलिग्रॅम' म्हणजे नेमकं काय, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. तुमच्या बाटलीवर तर शैवालाची जातही दिलेली नाही. ज्या अर्कावर प्रयोग झाले तोच या बाटलीत आहे, हे मानायला काहीच आधार नाही.

उंदरांबद्दल एक जुना अनुभव सांगते, कारण तो या क्षेत्रात सगळ्यांना धडा शिकवून गेला. १९९९ मध्ये कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी उंदीरवर्गी प्राण्यांत नवं हाड तयार होतं असं दिसलं. केवढी आशा निर्माण झाली होती! पुढे पाळी गेलेल्या स्त्रियांना ॲटोरव्हास्टॅटिन देऊन नीट चाचणी केली, तर हाडांच्या घनतेत काहीच फरक पडला नाही.

लाल शैवालाची गोष्ट थोडी वेगळी. तुमच्या दुसऱ्या बाटलीतलं कॅल्शियम बहुधा लिथोथॅम्नियन गटातल्या शैवालाचं असेल. हे शैवाल आपल्या अंगावर चुन्याचं कवच चढवतं आणि तेच वाळवून दळतात. म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, सोबत थोडं मॅग्नेशियम आणि इतर खनिजं. यावर माणसांत चाचणी झाली आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या ३०० स्त्रियांना २४ महिने पाहिलं. काहींना या शैवालातून रोज ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, काहींना त्यासोबत एक प्रकारचा विरघळणारा तंतू दिला आणि काहींना नुसतीच निष्क्रिय भुकटी. रक्तातल्या झिजेच्या खुणा काही काळ कमी झाल्या, पण हाडांच्या घनतेत एकंदर गटागटांत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा हे कॅल्शियम म्हणून ठीक आहे, औषध म्हणून नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं कॅल्शियम तुमच्याकडे आहेच. त्यात हे आणखी घालून मात्रा वाढवू नका, मूतखड्याचा धोका वाढतो.

पण ताई, ही बाटली घेऊ नका म्हणण्याचं माझं खरं कारण त्यातलं स्ट्रॉन्शियम आहे. स्ट्रॉन्शियम हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. त्याचा अणू कॅल्शियमपेक्षा जड, त्यामुळे तो क्ष-किरण जास्त अडवतो आणि डेक्साच्या यंत्राला हाड आहे त्याहून दाट वाटतं. वर्षभर ही गोळी घेऊन तुम्ही तपासणी केली तर आकडा सुधारलेला दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल, पण त्या सुधारणेचा मोठा भाग नुसता मोजमापातला असेल. स्ट्रॉन्शियमचा रॅनेलेट नावाचा क्षार युरोपात औषध म्हणून दिला जायचा. हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१४ मध्ये तिथल्या औषध नियामकांनी त्याच्यावर कडक बंधनं घातली. तुमच्या बाटलीतल्या सिट्रेटला तर हाडं मोडणं कमी केल्याचा पुरावाच नाही. आधी काही दिवस घेतलं असेल, तर पुढच्या डेक्साच्या वेळी तसं आवर्जून सांगा.

घनतेच्या आकड्यावर किती विसंबावं हे सांगायला १९९० चा एक अभ्यास पुरेसा आहे. २०२ स्त्रियांवर ४ वर्षं सोडियम फ्लोराइडची चाचणी झाली. ज्यांना ते मिळालं त्यांच्या कण्याची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. आणि मणके मोडणं? ते लक्षणीयरीत्या कमी झालं नाही. उलट कण्याबाहेरची हाडं जास्त मोडली. हाड दाट झालं होतं, पण त्याची वीण बिघडली होती. म्हणून हाडांच्या कोणत्याही औषधाला मी एकच प्रश्न विचारते: ते घेणाऱ्या माणसांची हाडं न घेणाऱ्यांपेक्षा कमी मोडली का? शैवालाच्या कोणत्याही अर्काने अजून याचं 'हो' असं उत्तर दिलेलं नाही.

तुमच्या कपाटातल्या गोळीने दिलंय. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच मणका मोडलेल्या २,०२७ स्त्रियांना सुमारे ३ वर्षं पाहिलं. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी १५ जणींना मणक्याचं नवं फ्रॅक्चर झालं, ॲलेंड्रोनेट घेणाऱ्यांत ८ जणींना. खुब्याची आणि मनगटाची फ्रॅक्चरंही निम्म्याच्या आसपास आली. तुमचं मनगट साध्या पडण्याने मोडलंय, याकडे तुम्ही 'पाय घसरला' म्हणून पाहताय आणि मी हाडाने दिलेला इशारा म्हणून. असं एक हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता वाढते, आणि ते मणक्याचं किंवा खुब्याचं असू शकतं. खुबा मोडल्यावर माणूस कसा परावलंबी होतो हे मी फार पाहिलंय. तीन महिने वाया गेलेत, चौथा जाऊ देऊ नका.

जबड्याची भीती खोटी नाही, पण तिचं माप चुकलंय. ज्या बातम्या येतात त्या बहुतेक कर्करोगाच्या रुग्णांच्या असतात. त्यांना याच गटातली औषधं शिरेतून, कितीतरी मोठ्या मात्रेत आणि वरचेवर द्यावी लागतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १०,००० ते १,००,००० जणांत वर्षाला एखादं इतकंच आहे. दात काढायचा असेल किंवा हिरड्या खराब असतील तर ते काम गोळी सुरू करण्याआधी उरकून घ्या. पुढे दंतवैद्याकडे जाल तेव्हा ही गोळी चालू आहे हे सांगा. दुसरा दुर्मीळ धोका मांडीच्या हाडाचा. बरीच वर्षं गोळी घेतल्यावर क्वचित कुणाचं मांडीचं हाड मधोमध तडकतं, आणि आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखू लागतं. असं दुखलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. हा धोका वर्षांबरोबर वाढतो, म्हणूनच साधारण ५ वर्षांनी गोळी चालू ठेवायची की काही काळ थांबवायची याचा फेरविचार करतात.

गोळी घ्यायची रीत मात्र काटेकोर पाळा. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, उभं राहून किंवा ताठ बसून. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. तुमच्या बाबतीत अडचण अशी की थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीचीच. आठवड्यातल्या त्या एका दिवशी आधी ॲलेंड्रोनेट, अर्ध्या तासाने थायरॉइडची गोळी आणि त्यानंतर आणखी अर्ध्या-पाऊण तासाने न्याहारी, असा क्रम डॉक्टरांना विचारून लावून घ्या. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवा, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. अन्ननलिकेचा आजार असेल, मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा रक्तातलं कॅल्शियम कमी असेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. गोळी पोटाला मानवलीच नाही, तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक आम्ल आहे. त्यालाही आधी मूत्रपिंडं ठीक हवीत, पण फ्रॅक्चर कमी केल्याचा पुरावा त्याच्याही मागे भक्कम आहे.

थायरॉइडचं निघालंच आहे तर पहिल्या बाटलीबद्दल राहिलेलं सांगते. तपकिरी शैवाल समुद्रातलं आयोडीन शोषून साठवतं, आणि किती साठवतं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वेगवेगळ्या समुद्री शैवालांत ग्रॅममागे १६ मायक्रोग्रॅमपासून ८,००० मायक्रोग्रॅमच्याही वर आयोडीन आढळलंय. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. मुळातच आजारी असलेल्या थायरॉइडला एवढं आयोडीन मिळालं तर ती कधी आणखी मंदावते, कधी भलतीच जोरात सुटते. आणि थायरॉइडचं संप्रेरक रक्तात जास्त झालं की हाडं वेगाने झिजतात. हाडं वाचवायला घेतलेलं औषध या वाटेने हाडंच झिजवू शकतं. तुमची टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम पाहणारी रक्ततपासणी, शेवटची कधी झाली? इतकी वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे, तिची मात्रा गरजेपेक्षा थोडी जास्त झाली असेल तर तेही हाडांच्या झिजेचं एक कारण असू शकतं. ही तपासणी या आठवड्यातच करून घ्या. आणखी एक, काही शैवालांत आर्सेनिकही असतं. हिजिकी नावाच्या शैवालात ते इतकं आढळलं की २००४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते न खाण्याचा सल्ला दिला. जात न छापलेल्या बाटलीत काय आहे हे कसं कळणार?

शैवालाकडून मला आशा आहे ती गोळीपेक्षा वेगळ्या ठिकाणी. दाताचं माप घेताना दंतवैद्य तोंडात जो गार, रबरासारखा घट्ट होणारा लगदा भरतात, तो तपकिरी शैवालातल्या अल्जिनेटचा असतो. याच अल्जिनेटच्या जाळीत पेशी आणि औषधं भरून तुटलेल्या हाडाची पोकळी भरून काढण्यावर जोरात काम चाललंय. लाल शैवालाचा सच्छिद्र सांगाडा प्रक्रिया करून जबड्याच्या शस्त्रक्रियांत हाडाच्या जागी भरण म्हणून तर गेली अनेक वर्षं वापरला जातोय. तिथे आतड्यातून शोषलं जाण्याचा प्रश्नच नाही, पदार्थ थेट हाडाच्या जागीच ठेवतात. पुतण्याला या विषयात रस असेल तर त्याला हे वाचायला सांगा.

शेवटी व्यायाम. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, जड वजनं उचलण्याचा आणि उडी मारून उतरण्याचा व्यायाम ८ महिने केला. त्यांच्या कण्याची घनता सुमारे २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. पण हे ऐकून उद्याच वजनं उचलू नका. उणे २.८ म्हणजे एखादा मणका तुमच्या नकळत दबलेलाही असू शकतो. आधी कण्याचा एक्स-रे काढा, मग हाडांच्या रुग्णांची सवय असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. पुढे वाकून वजन उचलणं आणि कंबरेतून पिळणारी आसनं तोवर बंद. तोल सांभाळण्याचे व्यायाम मात्र आजपासून करा: आधाराला हात ठेवून एका पायावर उभं राहणं, टाचेला बोट लावत एका रेषेत चालणं. घरातली घसरती पायपुसणी उचला आणि रात्री उठल्यावर लागणाऱ्या वाटेवर दिवा ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बाटल्या सोबत न्या. तीन महिने गोळी घेतली नाही हेही सांगून टाका. ते रागावतील अशी भीती बाळगू नका. टीएसएच, ड जीवनसत्त्व, रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन या तपासण्या मागून घ्या. अहवाल नीट आले आणि डॉक्टरांनी होकार दिला, की लगेच येणाऱ्या सकाळी पहिली गोळी घ्या.